दैनिकातली खुर्ची

कोल्हापूरच्या शिवाजी चौकात आज जिथे महाराजांचा पुतळा आहे, तिथे एके काळी मुंबई इलाख्याचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचा पुतळा उभा होता. बेचाळीसच्या चळवळीत स्वातंत्र्यसैनिकांनी तो विद्रूप केला. सरकारची व्हायची ती नाचक्की झाली. पुढे १९४५ साली भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने त्याच जागी शिवछत्रपतींचा पुतळा बसला आणि तो घडवला बाबूराव पेंटरांनी. सत्ताधाऱ्याचा चेहरा बिघडवायचा आणि त्याचा दरारा घालवायचा, हे खरं तर राजकीय व्यंगचित्रकाराचं काम. कोल्हापूरकरांनी ते कागदावर न करता भर चौकात केलं.

कागदावर का केलं नाही, हे मात्र कोडं आहे. चित्रकारांची या गावात कधी वानवा नव्हती. आबालाल रहिमान इथलेच. आनंदराव आणि बाबूराव हे दोघे पेंटर नाटकांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमापर्यंत गेले आणि बाबूरावांनी १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. दत्तोबा दळवींच्या हाताखाली किती पोरं तयार झाली याची मोजदाद नाही. गावाला लोक कौतुकाने कलापूर म्हणतात ते उगाच नाही. वर्तमानपत्रंही होती. बाळासाहेब पाटलांचं ‘सत्यवादी’ १९२६ पासून निघत होतं, खंडेराव बागलांचा ‘हंटर’ होता, ग. गो. जाधवांचा ‘पुढारी’ तिशीच्या दशकात सुरू झाला. आणि राजकारणाविषयी तर बोलायलाच नको, ते इथे तालमीच्या कट्ट्यावरही चालतं. चित्र, छापखाना आणि राजकारण या तिन्ही गोष्टी गावात नांदत होत्या. तरी रोज सकाळी पहिल्या पानावर राज्यकर्त्याची खोडी काढणारा पगारी व्यंगचित्रकार कोल्हापूरने त्या काळात घडवला नाही.

चित्रकाराला राग येत नव्हता असं नाही. राग आला की तो कुंचला बाजूला ठेवून लेखणी उचलायचा. पंडित सातवळेकर हे मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकलेले चित्रकार. प्रा. विष्णु गोविंद विजापूरकर कोल्हापुरातून ‘विश्ववृत्त’ मासिक चालवत. त्यात सातवळेकरांनी वैदिक प्रार्थनांवर लेख लिहिला आणि १९०८ साली त्या लेखापायी विजापूरकरांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना तुरुंगात जावं लागलं. चित्रकाराच्या शब्दांनी संपादक आत गेला! चित्र काढलं असतं तर काय झालं असतं, हा विचार मनात येतोच.

दुसरं उदाहरण माधवराव बागलांचं. ‘हंटर’वाल्या खंडेरावांचे हे चिरंजीव. तेही जे. जे.मध्ये शिकले. उत्तम चित्रकार, कलेवर लिहिणारे, आणि कोल्हापूर संस्थानातल्या प्रजा परिषदेचे १९३९ पासूनचे पुढारी. तुरुंग पाहिलेले. १९५० साली बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे बसवण्यात पुढाकार त्यांचाच. तेव्हा बाबासाहेब हयात होते. चित्रकला, पत्रकारिता आणि राजकारण या माणसाच्या अंगी एकत्र होतं. जगात कुठल्याही शहरात अशा माणसाचा व्यंगचित्रकार झाला असता. बागलांनी निसर्गचित्रं काढली, व्यक्तिचित्रं काढली आणि भांडायचं तेव्हा सभेत उभे राहून भांडले.

माझ्या मते याची दोन कारणं आहेत. एक, संस्थान. मुंबईचा चित्रकार दिल्लीच्या किंवा लंडनच्या माणसाचं नाक वाकडं काढू शकतो, कारण तो माणूस दूर असतो. इथे सत्ता नव्या राजवाड्यात राहायची आणि चित्रकारांचा आश्रयदाताही तोच राजवाडा. ज्याच्या घरी व्यक्तिचित्र काढायला बसायचं त्याचंच व्यंगचित्र कसं काढणार? १ मार्च १९४९ ला संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं, तोवर चित्रकारांची एक अख्खी पिढी सिनेमाच्या कामात गुंतली होती. दुसरं कारण अगदी रुक्ष आहे. ते म्हणजे ब्लॉक.

आज मोबाइलवर काढलेलं चित्र मिनिटभरात पानावर बसतं, त्यामुळे ही भानगड सांगावी लागते. चित्रकार छापायच्या आकारापेक्षा बरंच मोठं चित्र काढायचा. पांढरा कागद, काळी शाई. मधला करडा रंग नाही. सावली हवी असेल तर रेघांची जाळी विणायची. मग त्या चित्राचा फोटो, फोटोची निगेटिव्ह, ती निगेटिव्ह जस्ताच्या पत्र्यावर उतरवायची आणि पत्रा आम्लात सोडायचा. जो भाग कोरा राहायचा तो आम्ल खाऊन टाकतं, रेघ तेवढी वर उठून राहते. पत्रा लाकडी ठोकळ्यावर ठोकून टाइपाच्या उंचीला आणायचा आणि फर्म्यात बातमीशेजारी बसवायचा. एवढं सगळं झालं की सकाळी वाचक तीन सेकंद बघून पान उलटणार. लहान दैनिकाला हा खर्च रोज झेपणारा नव्हता. पुढाऱ्याच्या फोटोचा एक ब्लॉक करून ठेवला की तो वर्षानुवर्षं वापरता येतो, अगदी त्याच्या श्रद्धांजलीपर्यंत. व्यंगचित्राचा ब्लॉक मात्र दुसऱ्या दिवशी भंगार.

म्हणून मराठी व्यंगचित्र वाढलं ते मासिकांत आणि दिवाळी अंकांत. तिथे कोल्हापूरच्या मातीतली दोन मोठी नावं आहेत. शि. द. फडणीस मूळचे बेळगाव जिल्ह्यातल्या भोजचे, शाळा कोल्हापुरात. वसंत सरवटे तर जन्माने कोल्हापूरकर, १९२७ सालचे. फडणीसांच्या ‘मोहिनी’च्या मुखपृष्ठावर बसथांब्यावर एक तरुण आणि एक तरुणी उभे आहेत; त्याच्या बुशशर्टावर मांजरं आणि तिच्या साडीवर उंदीर. शब्द एकही नाही. अनंत अंतरकरांसारखा संपादक पाठीशी उभा राहिला म्हणून मराठी घरांत असं निःशब्द हसू शिरलं. सरवटे स्थापत्य अभियंते. एसीसी या सिमेंट कंपनीत नोकरी सांभाळून चित्रं काढायचे. जयवंत दळवी ‘ललित’मध्ये ‘ठणठणपाळ’ या नावाने लिहायचे तेव्हा खरा लेखक कोण हे गुपित होतं. वाचकांना ठाऊक होता तो सरवट्यांनी काढलेला, हातात घण घेतलेला ठणठणपाळ. बिनचेहऱ्याच्या लेखकाला कोल्हापूरच्या माणसाने चेहरा दिला आणि साहित्यातल्या भल्याभल्यांना त्या चेहऱ्याची धास्ती वाटायची.

पण दिवाळीचा फराळ वेगळा आणि रोजची भाकरी वेगळी. दिवाळी अंकाच्या चित्राला चित्रकाराकडे महिने असतात, वाचकाकडे सुट्टी असते, विषय कालातीत असतो. दैनिकातल्या माणसाला दुपारी तीनला मंत्री राजीनामा देतो आणि सातला चित्र ब्लॉकमेकरकडे जायचं असतं. सरवट्यांनी परदेशी व्यंगचित्रकारांवर ‘परकी चलन’सारखं पुस्तक लिहिलं, मराठीत व्यंगचित्राकडे कला म्हणून बघायला शिकवलं. रोजच्या खुर्चीत मात्र ते कधी बसले नाहीत. ती खुर्ची त्या काळी मराठी दैनिकांत विरळाच होती. मराठी मुलाला ती हवी असेल तर इंग्रजी वर्तमानपत्राचं दार ठोठावावं लागे.

तसं दार ठोठावणारा मुलगा दादरचा होता आणि त्याच्या घराचा कोल्हापूरशी जुना संबंध होता. प्रबोधनकार केशव सीताराम ठाकरे हे शाहू महाराजांच्या जवळच्या वर्तुळातले. ब्राह्मणेतर चळवळीच्या वादळात महाराजांना त्यांच्या लेखणीचा मोठा आधार वाटायचा. तरी १९२१ साली ‘प्रबोधन’ सुरू केल्यावर प्रसंगी महाराजांवरही टीका करायला ते कचरले नाहीत. आश्रय घ्यायचा आणि जीभही शाबूत ठेवायची, हे कोल्हापूरच्या चित्रकारांना न जमलेलं गणित या पत्रकाराला जमलं होतं. प्रबोधनकार स्वतः चित्रं काढत. आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग त्यांनी विल्यम मेकपीस थॅकरे या कादंबरीकारावरून घेतलं, असं सांगतात. गंमत अशी की तो थॅकरे लंडनच्या ‘पंच’मध्ये व्यंगचित्रंही काढायचा. हे योगायोगाने जुळलं असेल तर फार नामी जुळलं.

२३ जानेवारी १९२६ ला जन्मलेल्या बाळ ठाकरे यांचं शालेय शिक्षण अर्ध्यावर सुटलं. घरची ओढाताण होती. महायुद्धाच्या काळात वर्तमानपत्रांत येणारी व्यंगचित्रं हा मुलगा तासन्‌तास बघत बसतो, हे वडिलांच्या लक्षात आलं. मग रोज एक चित्र काढून ठेवायचं आणि संध्याकाळी मी घरी आलो की दाखवायचं, असा दंडक सुरू झाला. म्हणजे दैनिकाची खुर्ची मिळायच्या आधी घरीच दैनिक सुरू झालं होतं आणि संपादक होते प्रबोधनकार. त्या संपादकाचा धाक पुढच्या कुठल्याही संपादकापेक्षा जास्त असणार. समोर आदर्श होता डेव्हिड लो. न्यूझीलंडहून लंडनला जाऊन हिटलर आणि मुसोलिनीला हास्यास्पद करून सोडणारा हा माणूस त्या काळच्या सगळ्याच तरुण व्यंगचित्रकारांचा द्रोणाचार्य होता. लोची जाड-बारीक होत जाणारी, कुंचल्याच्या एका झटक्यात अंगरखा उभा करणारी रेघ ठाकऱ्यांच्या चित्रात शेवटपर्यंत दिसते.

फोर्टात दलाल स्ट्रीटवर ‘फ्री प्रेस जर्नल’ची कचेरी होती. एस. सदानंद यांनी १९३० साली काढलेलं हे पत्र. राष्ट्रवादी, तापट, पैशाने कायम फाटकं. सरकारने जामीनक्या जप्त करायच्या आणि सदानंदांनी पुन्हा उभं राहायचं, असा तो खेळ होता. पगार कमी, पण तरुणाला मोकळीक भरपूर. इथे व्यंगचित्रकार म्हणून ठाकरे रुजू झाले आणि १९४७ साली याच कचेरीत म्हैसूरहून आलेला पंचविशीचा एक तमिळ तरुण दाखल झाला. रासीपुरम कृष्णस्वामी लक्ष्मण. कादंबरीकार आर. के. नारायण यांचा धाकटा भाऊ. याला जे. जे. स्कूलने प्रवेश नाकारला होता. पुढे त्याच जे. जे.ने त्यांना प्रमुख पाहुणे म्हणून बोलावलं तेव्हा त्यांनी हा किस्सा सांगायची संधी सोडली नाही.

स्वातंत्र्याच्या वर्षी, एकाच कचेरीत, हे दोघं. दोघांचाही गुरू लो. लक्ष्मण तिथे काही महिनेच टिकले. कम्युनिस्टांची टिंगल करायची नाही असा मालकांकडून हुकूम आला आणि ते तडक उठून बोरीबंदरच्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त गेले. ती नोकरी पन्नास वर्षांहून जास्त चालली. ठाकरे फ्री प्रेसमध्येच राहिले. जागा बदलली की माणसाचं काय होतं याचा याहून चांगला नमुना शोधून सापडणार नाही.

‘टाइम्स’ भरभक्कम, सरकारदरबारी वजन असलेलं पत्र. तिथे लक्ष्मण यांचा दिवस कारकुनाइतका शिस्तीचा. सकाळी साडेआठच्या सुमारास यायचं, पेपर चाळायचे, मग खोलीत बसून कल्पना सुचेपर्यंत घुसमटायचं. सुरुवातीला त्यांच्या चित्रांत मागे गर्दी असायची: एक बंगाली, एक पंजाबी, एक मद्रासी, एक मराठी. भारत दाखवायचा तर एवढे सगळे हवेतच. पण संध्याकाळची वेळ गाठायची तर इतके फेटे आणि इतकी धोतरं काढायला सवड कुठे? एकेक जण चित्रातून वगळला जाऊ लागला आणि उरला तो टकला, गोल चष्म्याचा, चौकड्याच्या कोटातला म्हातारा. २४ डिसेंबर १९५१ पासून ‘यू सेड इट’च्या चौकटीत तो रोज उभा राहू लागला. कॉमन मॅन जन्माला आला तो तत्त्वज्ञानातून नाही, ब्लॉकमेकरच्या घाईतून. हे लक्ष्मण स्वतःच सांगायचे म्हणून मला ते फार आवडतं. हा म्हातारा सगळीकडे हजर असतो, मंत्र्याच्या दालनात, विमानात, दुष्काळात, आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही.

ठाकऱ्यांचा पिंड वेगळा. त्यांच्या चित्रात गप्प बसणारं कोणी नसायचं. चेहऱ्यावर हुकमत जबर. चर्चिल असो की नेहरू, दोन रेघांत माणूस पकडायचा आणि तिसऱ्या रेघेत त्याला लोळवायचा. फ्री प्रेसच्या इंग्रजी वाचकाला ते आवडत होतं. पण पन्नाशीच्या मध्यावर मुंबईत अशी वेळ आली की मराठी माणसाने इंग्रजी पेपरात बसून दिल्लीची थट्टा करावी एवढ्याने भागेना.

राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १९५५च्या शरदात आला आणि मुंबई मराठी राज्याला मिळणार नाही हे दिसू लागलं. २१ नोव्हेंबरला फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. जानेवारीत पुन्हा. हुतात्म्यांची संख्या एकशेपाच-सहापर्यंत गेली. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई. घरी प्रबोधनकार संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीच्या अग्रभागी. आचार्य अत्र्यांनी १५ नोव्हेंबर १९५६ ला ‘मराठा’ दैनिक काढलं आणि मराठी पत्रकारितेत तोफखानाच उघडला. इकडे कोल्हापुरात माधवराव बागलही पुन्हा मैदानात उतरले होते. १९५७च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसची दाणादाण उडाली.

फ्री प्रेसमध्ये चित्रं काढणाऱ्या ठाकऱ्यांनी या दिवसांत ‘मावळा’ असं टोपणनाव घेऊन मराठीत व्यंगचित्रं काढायला सुरुवात केली. एकाच माणसाचे हे दोन हात होते. दिवसा दलाल स्ट्रीटवर इंग्रजी सही, रात्री मावळा. मोरारजींची तुळतुळीत गांधी टोपी आणि करारी जबडा या चळवळीच्या चित्रांना आयताच मिळाला. इंग्रजी पत्राच्या वाचकाला जी चीड परकी होती ती इथे वाचकाच्या घरातली होती, आणि चित्रकाराला पहिल्यांदाच कळलं असेल की वाचक नुसता हसत नाही, तो मोर्चालाही येतो.

दरम्यान सदानंद १९५३ साली वारले होते. त्यांच्यामागे फ्री प्रेसचं वातावरण बदललं. नवे व्यवस्थापन, वरच्या जागांवर दाक्षिणात्य मंडळी, आणि चित्रांत ढवळाढवळ. खटके उडू लागले. अखेर ठाकरे चार-पाच सहकाऱ्यांना घेऊन बाहेर पडले. या मंडळींनी ‘न्यूज डे’ नावाचं इंग्रजी दैनिक काढलं. ते काही आठवड्यांतच बंद पडलं. मालकाशी पटेना म्हणून लक्ष्मणही उठले होते, ठाकरेही उठले. एकाला रस्त्याच्या पलीकडे दुसरं दार उघडं मिळालं. दुसऱ्याला मिळालं नाही म्हणून त्याने स्वतःचं घर बांधलं.

ते घर म्हणजे ‘मार्मिक’. १३ ऑगस्ट १९६०, म्हणजे अत्र्यांच्या वाढदिवशी, मराठी राज्य होऊन साडेतीन महिने झाले असताना मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण यांच्या हस्ते या साप्ताहिकाचं प्रकाशन झालं. नाव सुचवलं प्रबोधनकारांनी. धाकटे भाऊ श्रीकांत ठाकरेही व्यंगचित्रकार. ते ‘शुद्धनिषाद’ या नावाने सिनेमावर लिहीत. व्यंगचित्रालाच वाहिलेलं मराठी साप्ताहिक ही तोवर न ऐकलेली गोष्ट होती. मधल्या दोन पानांवर ‘रविवारची जत्रा’ भरायची. आठवड्याच्या राजकारणाची ती खरोखरच जत्रा: इकडे नेहरू, तिकडे मेनन, मध्ये महापालिका, कोपऱ्यात एखादा नट. एकाच पानावर इतकी माणसं इतक्या चैतन्याने नाचवणं हे फार थोड्यांना साधतं. मला विचाराल तर ठाकऱ्यांची कला फ्री प्रेसमध्ये घडली आणि ‘मार्मिक’च्या पहिल्या पाच-सहा वर्षांत बहरली.

त्याच पानांच्या शेजारी मात्र दुसरं काहीतरी सुरू झालं होतं. ‘वाचा आणि थंड बसा’ या सदरात मुंबईतल्या कंपन्यांच्या अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापून येऊ लागल्या. टेलिफोन डिरेक्टरी उघडायची आणि नावं उतरवायची, एवढं साधं संपादन. यात विनोद काही नव्हता, रेघही नव्हती. नोकरी न मिळालेली मराठी पोरं ती यादी वाचून दादरच्या घरी गाऱ्हाणी घेऊन येऊ लागली. या गर्दीला काही आकार देणार की नाही, असं प्रबोधनकारांनी मुलाला विचारल्याची हकीकत सर्वश्रुत आहे. १९ जून १९६६ ला शिवसेना स्थापन झाली.

इथे व्यंगचित्रकाराचा नेम बदलला, असं मला वाटतं. मोरारजींवर मारलेला फटकारा खालून वर जात होता. कचेरीतल्या दाक्षिणात्य लुंगीवाल्यावर मारलेला फटकारा शेजाऱ्यावर पडत होता आणि तो शेजारी बहुतेक वेळा टायपिस्ट किंवा हॉटेलवाला होता. त्याला उलट फटकारायला ना पान होतं ना कुंचला. ठाकऱ्यांच्या चित्रकलेचे चाहते हा भाग ओलांडून पुढे जातात आणि त्यांचे विरोधक चित्रं न बघताच निकाल देतात. दोन्ही चूक आहे. ती रेघ आणि ती यादी एकाच अंकात छापलेली आहे, एकाच दिवशी, एकाच घरातून.

आणि त्यात लक्ष्मण यांचं काय? ज्यांच्याविरुद्ध मोहीम चालली होती त्या वर्णनात हा तमिळ माणूस तंतोतंत बसत होता: दक्षिणेतून आलेला, इंग्रजी कचेरीत मानाची जागा पटकावलेला. दोघांची मैत्री मात्र अखेरपर्यंत टिकली. ठाकरे लक्ष्मण यांच्या कामाचं जाहीर कौतुक करायचे, लक्ष्मण जुन्या सोबत्याविषयी आपुलकीने बोलायचे. धंदाबंधूंची ही माया राजकारणाच्या तर्कात बसत नाही. दोन पहिलवान एकाच आखाड्याच्या मातीत घोळले असतील तर पुढे कुणाच्या बाजूने लढले याने काही बिघडत नाही, हे कोल्हापूरकराला समजावून सांगायची गरज नसावी.

१९७५ साली आणीबाणी आली. सेन्सॉरच्या कात्रीखाली लक्ष्मण यांच्यासारख्याचं रोजचं काम अवघड होऊन बसलं. दिल्लीत शंकर पिल्लई यांनी आपलं ‘शंकर्स वीकली’ त्याच वर्षी बंद केलं. भारतीय व्यंगचित्राची ती शाळाच होती. मुंबईत शिवसेनेने आणीबाणीला पाठिंबा दिला. एका व्यंगचित्रकाराने स्थापन केलेला पक्ष, आणि त्याने व्यंगचित्राला सर्वांत वाईट असलेल्या दिवसांची पाठराखण केली. ही विसंगती ‘रविवारची जत्रा’त कुणी काढली असती तर पान फक्कड झालं असतं.

ठाकऱ्यांचा कुंचला पुढे हळूहळू थांबला. पक्षाचा व्याप, वय, आणि १९८८ साली ‘सामना’ सुरू झाल्यावर अग्रलेखाची हुकमी जागा. पण चित्र काढणं थांबलं तरी चित्र दिसणं थांबत नाही. शिवसेना मुंबई-ठाण्याबाहेर पसरू लागली आणि १९९० साली कोल्हापूर शहराने तिचा आमदार निवडून दिला, तोवर ठाकऱ्यांची सभा हेच एक व्यंगचित्र झालं होतं. निवडणुकीच्या प्रचाराचा नारळ अंबाबाईच्या दर्शनाने कोल्हापुरात फोडायचा असा सेनेचा रिवाजच पडला. गांधी मैदानावर जमलेल्या त्या गर्दीतल्या फार थोड्यांनी फ्री प्रेसचं एखादं पान कधी पाहिलं असेल. त्यांना ते सगळं कानांनी मिळत होतं: नकला, लकबी, मध्येच सोडलेलं अर्धं वाक्य, आणि टोपणनावं.

शरद पवारांना दिलेलं ‘मैद्याचं पोतं’ हे नाव त्यातलंच. बघा, यात टीका अशी काहीच नाही. धोरण नाही, आरोप नाही. फक्त एक आकार आहे, पांढरा, गुबगुबीत, शिवलेल्या तोंडाचा. आतलं काही बाहेर येऊ न देणारा. डेव्हिड लोच्या शिष्यानेच द्यावं असं नाव. कागद नाही, शाई नाही, आणि ब्लॉकचा खर्चही नाही. पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखानदारीच्या राजकारणावर दैनिकांनी वर्षानुवर्षं अग्रलेख लिहिले. ते आज कोणाला आठवत नाहीत, हे पोतं मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

पवारांनी ते कधी मनावर घेतलं नाही. दोन्ही घरांचं जाणं-येणं आणि जेवणखाण चालूच राहिलं. २००६ साली सुप्रिया सुळे राज्यसभेला उभ्या राहिल्या तेव्हा ठाकरे यांनी त्यांच्याविरुद्ध उमेदवारच दिला नाही आणि त्या बिनविरोध निवडून गेल्या.